नाखव्याच्या घराचं सरळ दार

साठच्या दशकाच्या मध्यात मी दुबईत मुकादमी करत होतो. ज्यांचं घर स्वतःचं, पण दुरुस्ती झेपत नाही, अशांकडे बलदिया, म्हणजे तिथली नगरपालिका, माणसं आणि सामान पाठवायची. घरात कुणी अपंग असेल तर त्याच्या सोयीचं कामही करून द्यायची. त्यातलंच एक काम माझ्याकडे आलं, आणि मी ते मन लावून बिघडवलं.

घर एका म्हाताऱ्या नाखव्याचं. उभा जन्म मुंबईच्या फेऱ्या केलेला माणूस, आता कमरेखाली लुळा. मुलानं चाकाची खुर्ची आणली होती, पण ती अंगणातच फिरायची. दाराला गुडघाभर उंबरठा आणि आत काटकोनात वळलेली अरुंद वाट. खुर्ची ना चढे, ना वळे. जुने सोबती संध्याकाळी खाडीवर जाताना भिंतीपलीकडून हाक मारत, हा आतून ओ देई. त्याला त्यांच्यात जाऊन बसायचं होतं. मागणी एवढीच.

उन्हाळ्यात घरची सगळी मंडळी खजुरांच्या बागांत राहायला गेली. किल्ली माझ्याकडे, अडवायला कुणी नाही. मी रत्नागिरीचा. आमच्याकडे पुढच्या दारात उभं राहिलं की मागचं दार दिसलं पाहिजे, वारा आरपार गेला पाहिजे. तसंच केलं. उंबरठा काढला, ती वळणाची भिंत पाडली, उतार बांधला. गल्लीतून अंगणापर्यंत वाट अशी सरळ की गोटी सोडली तर चुलीला लागावी. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

मंडळी परतली. नाखव्याची बायको गल्लीतच थबकली. बुरख्याआडून काहीतरी हळू म्हणाली. मुलानं मान खाली घालून मला हिंदीत सांगितलं, "अम्मा पूछती है, कल से नमक कम है कि ज़्यादा, ये भी रास्तेवाले बताएँगे क्या?"

मी वाकून पाहिलं. गल्लीतून चूल दिसत होती, आणि बायका जिथे मोकळ्या डोक्यानं बसत ती ओसरीही. वास्तविक माझी आई परक्या पुरुषाशी दाराच्या पडद्याआडून बोलायची. जन्मभर ते पाहिलेला मी! पण आमचा पडदा कापडाचा, यांचा भिंतीचा, हे काही डोक्यात शिरलं नव्हतं. बाईंनी त्याच संध्याकाळी दारावर गलबताचं जुनं शीड टाकलं आणि आतून अडसर लावला. नाखवा आधी उंबरठ्यानं अडकला होता, आता माझ्या सोयीनं.

दुसऱ्या दिवशी मी तोंड पाडून गेलो. भिंत परत बांधतो म्हटलं, पण मग खुर्ची कुठून न्यायची ते सुचत नव्हतं. नाखव्यानं खुर्ची बैठकीच्या खोलीकडे वळवली. पाहुण्या पुरुषांची खोली ती, खिडकी गल्लीवर.

"ये मर्दों का कमरा है," तो म्हणाला. "खिड़की तोड़, दरवाज़ा बना. जहाज़ में भी माल जहाँ से निकलता है, वहीं से निकालते हैं."

भिंत उभी राहिली, खिडकीचं दार झालं, उतार इकडे आला. पहिल्या संध्याकाळी खुर्ची मी स्वतः ढकलली. उतारावरून झोकात खाली आली आणि थेट वाळूत रुतली. गल्लीत वाळू असते, ती रोज माझ्याच चपलांत भरते, तरी हा विचार माझ्याकडून राहिलाच.

तेवढ्यात त्याचे सोबती आले. यल्ला यल्ला करत तिघांनी ओढून पाहिलं, दमले, आणि उतारावरच टेकले. आतून कॉफी आली. एकानं मुंबईच्या बंदरातली कसलीशी जुनी फजिती काढली, नाखव्यानं त्याला खोटं पाडलं, आणि खाडीवर जायचं कुणाला आठवलंच नाही.

मी म्हटलं, उद्या फळ्या टाकतो, अगदी खाडीपर्यंत.

नाखव्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "खलास," तो म्हणाला. "अब तू कुछ मत सुधार."