हॅशटॅग आणि तांदळाचं ताट

माझी नात मीरा सकाळपासून फोनकडे बघत बसली आहे. लग्नाच्या फोटोंवर टाकायचा हॅशटॅग होणाऱ्या नणंदेनं पाठवलाय: #इनामदारांचीमीरा. पत्रिकेवरही तोच छापायचाय आणि होकार आजच हवाय.

"आजी, मी काय त्यांची वस्तू आहे? पण नाही कसं म्हणू गं?"

मला हसूच आलं. माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरले होते आणि ह्यांनी अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं, सुमती. तोवर मी चंद्रा होते. आणि ही चंद्राबाई काय करत होती? लाजत होती! अक्षर किती वळणदार, म्हणून मनातून खूश होत होती. ताट मांडीपाशीच होतं. नुसता हात फिरवला असता तरी नाव मोडलं असतं. पण हिरवा चुडा वाजेल, लोक बघतील, म्हणून बाईसाहेब हात आवरून बसल्या.

आता चंद्रा म्हणून हाक मारणारं कोणी उरलेलं नाही.

"नाही म्हणून कळव," मी म्हणाले.

"रागावतील गं सगळे."

तेवढ्यात फोन थरथरला, नणंदेचाच मेसेज: 'मग ठरलं ना?' मीरानं तो पालथा घातला, पण त्याच्यावरचा हात काही तिनं उचलला नाही.