अप्पांचं ताट

परवा रविवारी दुपारी आमच्या इथल्या सात रस्ता चौकाजवळच्या एका साध्या व्हेज हॉटेलात जेवायला गेलो होतो. माझी धाकटी बहीण श्रुती, तिचं लग्न ठरायचं होतं. कांदेपोहे वगैरे हल्ली कुणी करत नाही, सगळं हॉटेलातच उरकतं...

मुलगा पुण्याचा, आयटीतला. सोबत त्याचे आईवडील आणि आज्जी. आज्जी मूळच्या अक्कलकोटकडच्या, त्यामुळे अर्धं बोलणं कानडीत.

श्रुतीला मुलगा मनापासून आवडला होता. तिला धास्ती होती ती अप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची. जेवण झालं की अप्पा ताटात पाणी ओततात, बोटांनी ताट धुतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. अन्न म्हणजे प्रसाद, कणही वाया जाऊ नये... आमच्यातल्या जुन्या माणसांची रीतच आहे ती. घरी कुणाला काही वाटत नाही, पण हॉटेलात, पुण्याच्या लोकांसमोर?

रिक्षातच तिनं सांगून ठेवलं, "अप्पा, आज तेवढं नको हं." अप्पा "बरं" म्हणाले आणि बाहेर बघत बसले.

जेवण झकास झालं. कडक भाकरी, शेंगाचटणी, भरली वांगी... पुणेकरांनी पनीर मागवलं, असो. मुलाचे वडील तर हसत म्हणाले, "आमच्याकडून होकारच समजा."

शेवटी अप्पांनी ताट बोटानं निपटलं. हात सवयीनं ग्लासाकडं गेला... आणि थांबला. श्रुतीकडं एकदा बघून त्यांनी तो गुपचूप मागं घेतला. खरं सांगतो, मला ते बघवलं नाही.

वेटर ताट उचलायला आला. "जरा थांब की," अप्पा म्हणाले. का, ते सांगेनात. श्रुती टेबलाखालून मला पाय मारतेय, आता मी काय करू?

तेवढ्यात समोर आज्जींनी ग्लास उचलला. "आई, इथं नको ना..." सूनबाई कुजबुजल्या. "प्रसाद बिडबारदु," आज्जी म्हणाल्या, म्हणजे प्रसाद टाकू नये. ताटात पाणी ओतलं, बोटं फिरवली आणि सरळ ताट तोंडाला लावलं.

मग पदरानं तोंड पुसत अप्पांना म्हणाल्या, "तुमी का थांबलाव?"

अप्पांनी ग्लासाला बोट लावलं. मग म्हणाले, "काय न्हाय... पाणी लई गार हाय की, म्हणून."

लेकीचं नाव घेतलं नाही त्यांनी. श्रुतीचे डोळे भरून आले. ती उठली, जग घेतला आणि स्वतःच्या हातानं अप्पांच्या ताटात पाणी ओतलं. "घ्या अप्पा," एवढंच म्हणाली.

अप्पांनी ताट स्वच्छ केलं. श्रुतीच्या ताटात थोडा भात उरला होता, आज्जींनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. पोरीनं मुकाट्यानं संपवला!

लग्न ठरलं. आज्जी, तुमचे आभार मानावे तेवढे कमीच... आमचे अप्पा आता लेकीच्या सासरी पोटभर जेवतील.