प्रार्थनेतली चेष्टा

बायबलमधली जी पानं वाचताना अख्खी मंडळी जांभया देते, नेमकी तीच माझ्या वडिलांची लाडकी. देवाच्या तंबूचे, म्हणजे निवासमंडपाचे, पडदे किती लांब, कुठल्या रंगाचे, ते जोडायला कडांना बिरडी कुठे आणि त्यांत अडकवायचे आकडे कसले. जन्मभर कारखान्यात ड्रॉइंग वाचलेला माणूस! "देवानं स्वतः ड्रॉइंग दिलंय," ते म्हणतात, "आणि तुम्ही खुशाल पानं उलटता?"

आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, टी. टी. नगरातल्या एका हिंदी चर्चमध्ये महिन्यातून एकदा दुपारी आमची मराठी उपासना असते. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड पप्पांच्या ताब्यात. धुणार तेच, इस्त्री करणार तेच. अशोका गार्डनच्या घरून ऑटोत बसलं की घडी मांडीवर सपाट धरणार आणि प्रत्येक खड्ड्याला ऑटोवाल्यावर डोळे वटारणार. एकदा मी हौसेनं घडी घातली, तर म्हणाले, "ही घडी की गोधडी?" माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "देव काय तिथे कडा जुळवत बसलाय?"

"म्हणूनच आपण जुळवायच्या," ते शांतपणे म्हणाले आणि घडी पुन्हा मोडली.

गेल्या हिवाळ्यात त्यांचे हात थरथरायला लागले. मेजावर कापड पसरताना एक कोपरा वाकडा लोंबला. ते त्यांनीही पाहिलं. घरी येऊन म्हणाले, "नीट करणारं कोणी नसेल तर आता पेटीतच राहू दे ते." कापड पेटीत गेलं की हा माणूस खाटेवर जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

माझा हात तर त्या गोधडीपासूनच बाद ठरलेला, म्हणून मी लेकीला पुढे केलं. पुढच्या उपासनेत शास्त्रपाठ आणि प्रार्थना तिची. तिचं काम पाहून तरी पप्पा कापड पेटीत न टाकता तिच्या हाती देतील, अशी माझी आशा. पाठ त्यांनीच निवडला: तेच पडदे, तीच बिरडी! झालं कल्याण, मी मनात म्हटलं. पोरीची शाळा हिंदीत, कॉलेज हिंदीत. मराठी फक्त माझी बोलणी खाण्यापुरती.

पण पठ्ठीनं पाठ सुरेख वाचला. एक आकडा गाळला नाही. मग डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, "हे प्रभू, आम्ही रोज तुझी भक्ती करायची चेष्टा करतो..."

आता हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. पण मराठीत? मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली. मी कपाळाला हात लावला.

"प्रयत्न," पप्पा बसल्या जागेवरून म्हणाले.

अहो, भर प्रार्थनेत! लेकराला चारचौघांत असं टोकायचं? मी दात-ओठ खात त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या जागी मी असते तर पाय आपटत बाहेर गेले असते. पोरीनं डोळे उघडले, आजोबांकडे पाहिलं, पुन्हा मिटले. आणि पुढे न जाता थेट 'हे प्रभू'पासून सगळी प्रार्थना परत म्हटली, एकेक शब्द सावकाश. या वेळी कोणी हसलं नाही. पप्पांचं आमेन सगळ्यांत मोठं होतं.

घरी चहा घेताना त्यांनी ते कापड तिच्या मांडीवर ठेवलं. "धुताना पिळायचं नाही. इस्त्री उलट्या बाजूनं."

"आणि मी?" मी विचारलं. इतकी वर्षं माझी लायकी नव्हती वाटतं!

"तू चहा छान करतेस," ते म्हणाले. मग नातीकडे वळले. "सांभाळशील ना नीट?"

"हो आजोबा," ती अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "चेष्टा नाही करणार."

पप्पा इतके हसले, इतके हसले की थरथरत्या हातातला कप कलंडला आणि चहा सगळीकडे उडाला. माझ्या साडीवर, त्यांच्या सदऱ्यावर, तिच्या ओढणीवर. कापड मात्र तिनं केव्हाच दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलं होतं, घडी न मोडता.