लाल शाईची पानं

“आई, माझ्या वहीतली लाल शाईची पानं कुठं गेली?” माझी मुलगी शैला विचारत आली, तेव्हा मी फाडून घातलेलं शेवटचं पान चुलीत जळत होतं. परवा तिचा दहावीचा इंग्रजीचा पेपर होता. नापास झाली तर जळकोटच्या स्थळाला होकार कळवतो, असं तिच्या वडलांनी बजावलं होतं.

“अगं आई, बाईंनी दाखवलेल्या वर्षभराच्या चुका होत्या त्या!”

“मग जाळल्या ते बरंच झालं की.”

“त्याच वाचून जायचं होतं मला. पेपरात पुन्हा तसं लिहायचं न्हाय म्हणून.”

मला काही उमजेना. मी चौथी शिकले, तेही पाटीवर. चुकलं की थुंकी लावून पुसायचं. चूक कुणी जपून ठेवतं, हे ठाऊकच नव्हतं. शैला कोरी वही घेऊन बसली आणि आठवतील तेवढ्या चुका पुन्हा लिहू लागली.

आज नातीच्या हातात लाल पेन दिसलं आणि हे आठवलं. तीही चुका उतरवून ठेवते. का, ते मला अजून नीट कळत नाही.

शैला पास झाली. पण पेपरापर्यंतचे ते दोन दिवस, मी घरात असूनही, तिनं एकटीनं काढले.