ऋषीच्या भाजीसाठी एक वाफा

विद्युल्लताला दुबईत येऊन इतकी वर्षं झाली होती, की घरातल्या सगळ्या व्रतांना पर्याय सापडले होते. वटपौर्णिमेला बाल्कनीतली वडाची कुंडी. गणपतीच्या पत्रीला पार्किंगमधल्या कडुनिंबाची डहाळी आणि मनोभाव. अडलं तर आशावहिनींना फोन करायचा. आशावहिनींचा 'बर दुबई' भागात मोदक-पुरणपोळ्यांचा व्यवसाय, आणि ऊद मेथाच्या हॉलमधला मंडळाचा गणपती त्यांच्याशिवाय जागचा हलत नसे. शास्त्रातला शेवटचा शब्द त्यांचा. पलीकडे झाऱ्याचा खणखणाट चालू असायचा आणि त्यातून उत्तर यायचं, "चालतं गं. इथे सगळं चालतं."

एक गोष्ट मात्र विद्युल्लताला कधी चालली नव्हती, ती म्हणजे ऋषिपंचमी.

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीचं हे बायकांचं व्रत. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, भाजी नाही. परसात आपल्या हाताने लावलेलं जे असेल ते एकत्र करून, तेल-फोडणीशिवाय शिजवायचं. तीच ऋषीची भाजी. चौलला, तिच्या माहेरी, ही भाजी खरोखर परसातून यायची. थोरली काकू सकाळी विहिरीमागे जायची आणि ओच्यात अळू, पडवळ, लाल माठ घेऊन यायची. पानांच्या पाठीवर दव असायचं. दुबईत अळू सुपरमार्केटच्या ट्रेमधून यायचं, वर दुसऱ्याच देशाची चिकटपट्टी. भेंडी कुठल्या गावची, मका कुठला, कोण जाणे.

"बैलाने विमान ओढलं नाही ना? मग चालतं," असं आशावहिनी म्हणायच्या आणि सगळ्या हसायच्या. विद्युल्लताही हसायची.

व्रताची कहाणी तिला पटत नसे. विटाळाच्या पापाची ती गोष्ट ती पटपट वाचून संपवायची. तिला धरून ठेवलं होतं ते दुसऱ्याच टोकाने. वर्षातून एक दिवस कुणाच्या श्रमाचं खायचं नाही, ही कल्पना तिला स्वच्छ वाटायची, नुकत्या धुतलेल्या ओट्यासारखी. ज्या शहरात आपलं पिण्याचं पाणीसुद्धा कुणीतरी जिना चढून दारात ठेवतं, तिथे ती कल्पना जरा अवघड होती, इतकंच.

यंदा उद्यापन होतं. पाळी गेली, की बायका हे व्रत सोडवून घेतात.

"सो बेसिकली, इट्स अ रिटायरमेंट पार्टी," रुचा म्हणाली. रुचा तिची मुलगी. जन्म दुबईचा, नोकरी घरापासून चालत जाता येईल अशा सिलिकॉन ओएसिसच्या एका ऑफिसात. आई मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं त्यात काही अडत नसे.

"इतकी वर्षं खोटं केलं," विद्युल्लता नवऱ्याला म्हणाली. "शेवटचं तरी खरं करू दे."

जगन्नाथ एसीच्या डक्टिंगची कंत्राटं घ्यायचा. बायकोचं म्हणणं त्याने नीट ऐकलं, वाफ्याचं भाडं दिरहममध्ये विचारलं, मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि म्हणाला, "घे. पण मला कुदळ मारायला सांगू नकोस."

"तुला सांगितलं तर ते बैलाच्या कष्टाचं होईल," ती म्हणाली.

त्यांच्या इमारतींच्या मागे, रिकाम्या प्लॉटवर, रहिवाशांसाठी भाजीची बाग केली होती. लाकडी फळ्यांचे वाफे, आत बाहेरून आणलेली काळी माती, खाली वाळू. विद्युल्लताला फेब्रुवारीत एक वाफा मिळाला. शेजारचा वाफा सफाचा. सफा सुदानची, एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर कामाला, उंच, आणि हसली की सगळ्या बागेला कळायचं. दोघींचं इंग्रजी आपापल्या मातीतलं होतं; ते एकमेकींना समजायचं, तिसऱ्याला समजेलच असं नाही. भेंडी दोघींच्याही घरची. मातीत आपोआप उगवलेली घोळ दोघींनीही उपटून टाकली नाही, तेव्हा त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि ओळख झाली.

चूक झाली ती अक्षय तृतीयेला.

चौलला वेलांच्या बिया अक्षय तृतीयेला आळ्यात पडतात. मग पाऊस, मग मांडव, आणि भाद्रपदात पडवळं हाताला लागतात. विद्युल्लताने उलटा हिशेब केला, तो तंतोतंत जुळला. एप्रिल संपता संपता, बाग आवरायला घेतलेल्या माणसांच्या मधोमध बसून, तिने आळी केली आणि पडवळ, दोडका, गवार, भेंडी, माठ असं सगळं पेरलं. एका कोपऱ्यात अळूचे कंद. आजूबाजूला टोमॅटोची वाळलेली झाडं उपटली जात होती, वाफ्यांवर गवताचं आच्छादन पडत होतं.

सफा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "विद्या, हबीबती, आता पेरत नाहीत. आता झोपतात. ऑक्टोबरात ये."

"आमच्याकडे आताच पेरतात."

"तुमच्याकडे ढग असतात."

हे विद्युल्लताला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ती इतकी वर्षं दुबईच्या उन्हात राहिलीच नव्हती, ती दुबईच्या एसीत राहिली होती. ऊन म्हणजे तिच्या लेखी दार उघडून गाडीत बसेपर्यंतची एक गैरसोय होती.

जून आला आणि ऊन म्हणजे काय ते कळलं. नळाला पाइप लावला तर पहाटेसुद्धा चहा करता येईल असं पाणी यायचं. टाक्या रात्रभर तापलेल्याच असायच्या. पडवळाला फुलं आली, झालरीसारखी, पांढरी, आणि दुपारपर्यंत गळून गेली. अळूची पानं कडेने कागदासारखी जळाली आणि मग कंदच मऊ पडले.  विद्युल्लताने वाळलेली पानं गोळा केली आणि माठाच्या मुळाशी टाकली.

पाण्याचा प्रश्न एसीनेच सोडवला. बाल्कनीत एसीची नळी दिवसभर ठिबकते, ते पाणी गार असतं. तिने नळीखाली कॅन ठेवले. जगन्नाथने पाहिलं आणि बेडरूमच्या नळीचंही तोंड तिकडे वळवून दिलं. साइटवर परांचीला लावतात ती हिरवी जाळीही त्याने आणली. पहाटे, आकाश राखाडी असताना, ट्रॉलीवर कॅन ठेवून ती बागेत जायची. बागेत दुसरं कुणी नसे. जाळीखाली माठ लाल होत होता. भेंडी उंच गेली होती. गवारीला शेंगा धरल्या होत्या. घोळ तर कुणी न विचारताच पसरली होती.

"यू आर गोइंग टू डाय फॉर अ भाजी," रुचा म्हणायची.

"भाजी मरण्यापेक्षा बरं," विद्युल्लता म्हणायची. तेव्हा ते विनोदात होतं.

ऑगस्टच्या एका सकाळी धुकं होतं, इथलं, अंगाला चिकटणारं. ती वाकून भेंडीच्या बुडाशी पाणी घालत होती आणि मग ती वाफ्याच्या फळीवर डोकं टेकून खाली बसलेली होती. मधलं तिला आठवत नव्हतं. सफा कामावर जाण्याआधी फिरायला निघाली होती, तिने कुंपणापलीकडून पाहिलं. ट्रॉलीवरचा दुसरा कॅन तिने सरळ विद्युल्लताच्या डोक्यावर ओतला.

"ते गवारीचं होतं," विद्युल्लता म्हणाली.

"खलास," सफा म्हणाली. "आजपासून गवार नाही."

डॉक्टरांनीही तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. सणापर्यंत उन्हात पाय टाकायचा नाही. जगन्नाथ रात्री पलंगाच्या कडेला बसला. तो म्हणाला, "साइटवरचा एक माणूस पाठवतो. पाणी घालून येईल. त्यात काय?"

"त्याला दिवसभर काय कमी ऊन आहे?"

"ओव्हरटाइम देतो ना."

"म्हणजे बैलाऐवजी माणूस जुंपायचा."

जगन्नाथने दिवा मालवला. ती भिंतीकडे वळली. मनात तिने वाफा सोडून दिला होता. एसीची नळी बाहेर ठिबकत होती. दोन-तीन दिवस तो आवाज तिला ऐकू येत राहिला, मग येईनासा झाला.

पंचमीच्या पहाटे ती कुणाला न सांगता गेली. वाळलेलं का होईना, आपल्या हाताने उपटावं, एवढंच मनात होतं. उद्यापन मग सुपरमार्केटच्या भाजीवर झालं असतं, नेहमीसारखं.

जाळी उचलली तर माती ओली होती.

माठ हिरवा-लाल, भरलेला. भेंड्या तोडणीला आलेल्या, दोन तर निबर होऊ लागलेल्या. गवारीचे झुबके. घोळीची पानं पाण्याने टरटरलेली. फळीशी एक रिकामा कॅन आडवा पडला होता, तिच्या बाल्कनीतला, झाकणाला निळा दोरा बांधलेला. तिने तो उचलून सरळ ठेवला. मग तिने तोडायला सुरुवात केली, कारण पंचमी होती.

घरी रुचा चहा घेत होती. आईच्या हातातली पिशवी बघून तिने कप खाली ठेवला.

"कॅन कोण नेत होतं?"

"सफा आंटी. आय जस्ट केप्ट देम इन द लॉबी. शी आस्क्ड मी नॉट टू टेल यू." आणि मग, बऱ्याच दिवसांनी, मराठीत, "तू रागावलीस?"

"नाही," विद्युल्लता म्हणाली. तिने भाजी निवडायला घेतली. ती रागावली नव्हती. पण हात सावकाश चालत होते.

आशावहिनी आल्या तेव्हा पातेल्यात भाजी शिजत होती, मीठ घातलेली, बाकी काही नाही. पाटावर सात सुपाऱ्या सात ऋषींच्या, आठवी अरुंधतीची. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यातून अलिबागचे गुरुजी बघत होते. आशावहिनींनी झाकण काढून वास घेतला. "अगं बाई! खरंच तुझ्या वाफ्यातली? आपल्या मंडळात कुणी केलं नव्हतं हे."

"वाफ्यातली आहे," विद्युल्लता म्हणाली. "पण मी पडल्यापासून पाणी सफाने घातलं. रोज. मला माहीत नव्हतं."

"मग? बैलाचं तर नाही ना?"

"बैलाचं नाही. सफाचं आहे."

"चालतं गं! लावलं कुणी? तू. इतके दिवस राबलं कुणी? तू. थोडं पाणी कुणी घातलं म्हणून काय व्रत वाहून जातं?"

"पाणी नसतं तर भाजी नसती, वहिनी."

"गुरुजी, तुम्हीच सांगा हिला."

फोनमधले गुरुजी चष्मा सारखा करत म्हणाले, "शास्त्रात तशी सोय आहे. असमर्थतेत दुसऱ्याच्या हस्ते केलेलं चालतं. संकल्प करू या का? मला पुढे आणखी दोन गणपती आहेत."

सगळे तिच्याकडे बघत होते. जगन्नाथ सोवळ्यात दाराशी उभा होता. तिला वाटलं, हो म्हणावं. हो म्हटलं की सुटलो. चांगली भाजी आहे, खरी माती आहे, आणि सगळ्यांना चालतंय.

"आज नुसती पूजा करा," ती म्हणाली. "उद्यापन नको. पुढच्या वर्षी."

"अगं, पुन्हा उन्हाळा?" जगन्नाथ म्हणाला.

"तुला कुदळ मारायला सांगितलेलं नाही."

आशावहिनींनी कपाळाला हात लावला आणि बसल्या. पण पूजा झाल्यावर त्यांनी भाजी दोनदा मागून घेतली, आणि गवार कोवळी आहे असं कुणी न विचारता म्हणाल्या.

दुपारी रुचाने गाडी काढली. क्लिनिकच्या मागच्या बाजूला, सावलीच्या पट्ट्यात, सफा डबा मांडीवर घेऊन बसली. तिने एक चमचा तोंडात घातला. घास चावला. थांबली.

"लसूण?"

"नसतो यात."

"तेल?"

"तेही नाही."

"तू अजून आजारी आहेस," सफा म्हणाली, आणि दुसरा चमचा घेतला.

विद्युल्लताने तिला सांगितलं. व्रत काय, बैल काय, उद्यापन काय, आणि ते का झालं नाही. सांगताना ते तिला स्वतःलाही जरा विचित्र वाटलं. सफा ऐकत खात होती. मग चमचा हवेतच राहिला.

"म्हणजे मी मदत केली, म्हणून तुझं काम एक वर्षाने वाढलं?"

"हो."

"आणि तू मला थँक्यू म्हणायला आली आहेस की भांडायला?"

"जेवायला घालायला."

सफा हसली, रिसेप्शनच्या काचेआडून एकदोघांनी मान वळवून पाहिलं. तिने डबा पुसून घेतला, बोटाने, तळापर्यंत. "ठीक आहे. पुढच्या वर्षी मी हात लावणार नाही. तू पुन्हा पडलीस तर?"

विद्युल्लताने थोडा विचार केला. पार्किंगमध्ये डांबर चकाकत होतं, आणि रुचा गाडीत एसी चालू ठेवून वाट बघत होती.

"पडले तर मला उचल," ती म्हणाली. "भेंडीला पाणी घालू नकोस."