जाड टिंब

नववीतली माझी भाची सई टॅबवरच्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्ये त्रिकोणाचा एक कोपरा बोटाने ओढत होती. त्रिकोण ताणला, पार आडवा झाला, तरी त्याच्या तिन्ही मध्यगा एकाच बिंदूत भेटत राहिल्या. कंपासपेटीच्या काळात आमच्या मध्यगा एका जागी भेटतील तर शपथ! मधे इवलासा त्रिकोण उरायचाच. मग सगळा वर्ग पेन्सिल गिरवून तिथे जाड टिंब द्यायचा आणि बाईही मुकाट्याने बरोबरची खूण करायच्या.

"मावशी, कसाही ओढला तरी भेटतातच गं. असं का?" सईने विचारलं.

सिद्धता मला अजून पाठ आहे. हा प्रश्न मात्र कधी पडलाच नव्हता. आमच्या त्या जाड टिंबाखाली तोही झाकला गेला असणार.