पिराजीचा नेम

पिराजी हुपरीचा. हंबीररावांच्या चांदीच्या कारखान्यात तो पैंजणाच्या कड्या जोडायचा. समोर ज्योत, तोंडात फुंकणी आणि डोळे कडीच्या सांध्यावर, असे दिवसाचे आठ-नऊ तास. वर्षातले दोन महिने मात्र तो सैनिक असायचा.

आम्ही दोघंही टेरिटोरियल पलटणीत होतो. एरवी आपापला कामधंदा करायचा, वर्षातून एकदा कोल्हापुरात कॅम्पाला जाऊन कवायत आणि गोळीबाराचा सराव करायचा, आणि सरकारनं बोलावलं की वर्दी चढवून निघायचं. मी पेठ वडगावला प्राथमिक शाळेत मास्तर. पलटणीत मी नाईक आणि पिराजी माझ्या हाताखालचा शिपाई. पण रायफल हातात आली की आमचे सुभेदारसुद्धा त्याच्या मागं उभं राहून बघायचे. १९९१च्या कॅम्पात त्यानं दोनशे मीटरवरून पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत घातल्या. टारगेटचा कागद त्यानं घरी नेला, तर त्याची बायको मीनाबाई म्हणाली, "भोकं पडल्याली कागदं घरात कशाला आणलीसा?" म्हणाली खरी, पण साड्यांच्या घडीखाली तिनंच तो जपून ठेवला.

पुढं वर कुठंतरी खर्चाला कात्री लागली. आम्हाला कुणी ते वाचून दाखवलं नाही. आम्हाला ते कॅम्पात दिसायला लागलं. माणशी पन्नास गोळ्या मिळायच्या त्या वीसवर आल्या, मग दहावर. दोन महिन्यांचा कॅम्प महिन्याभराचा झाला. १९९६ साली तर रजा घेऊन, ट्रंक भरून बसलो आणि कॅम्प रद्द झाल्याचं पत्र आलं. मला शाळेत परत हजर होता आलं. पिराजी कारखान्यात गेला, तर हंबीरराव भडकले.

"ऐन लगीनसराईत तू बंदूक घ्यून पळणार म्हणालास. बरं, पळ म्हटलं. आता तुज्या जागंवर मी दुसरा माणूस बसिवलाय, त्येला उठवू व्हय?"

महिनाभर पिराजी घरात बसून राहिला. पुढच्या वर्षीही तसंच झालं.

१९९९ आणि २०००च्या कॅम्पात एकही गोळी मिळाली नाही. रिकाम्या रायफलीच्या नळीवर रुपया ठेवायचा, श्वास रोखायचा आणि घोडा दाबायचा. रुपया पडला नाही की नेम बरोबर. पिराजीचा रुपया कधी पडला नाही, पण तो धुसफुसत राहायचा.

"मास्तर, रुपाया पडला न्हाय म्हंजे हात हालला न्हाय, एवढंच कळतं. गोळी कुठं गेली असती, हे कुणाला ठावं?"

एकदा तो थेट सुभेदारांपुढं जाऊन उभा राहिला. "सायेब, पाच तरी द्या की."

सुभेदार माणूस चांगला. म्हणाले, "माझ्या घरात का पिकत्यात व्हय रं? वरनंच आल्या न्हाईत."

२००२च्या जानेवारीत मात्र खरं बोलावणं आलं. सरहद्दीवर सैन्य जमा झालं होतं. पिराजीनं दोन दिवसांत बूट चकाचक केले. हंबीररावांनीही या वेळी कुरकुर केली नाही. निघण्याआधी प्रत्येकाची गोळीबाराची चाचणी होती. पिराजी आडवा झाला, पाच गोळ्या झाडल्या. टारगेटजवळच्या खड्ड्यात बसून मोजणाऱ्यानं निकाल कळवला : एकच लागली, तीही अगदी कडेला.

"रायफलीत खोट हाय," तो म्हणाला.

रायफल बदलून दिली. या वेळी एकही लागली नाही. त्याच्या पहिल्या रायफलीनं मी पाच झाडल्या, त्यातल्या चार लागल्या. मी शाळामास्तर, माझा नेम कधीच धड नव्हता.

पिराजीला डॉक्टरांकडं पाठवलं. उजव्या डोळ्यानं त्याला पाटीवरच्या वरच्या दोनच ओळी वाचता आल्या. डॉक्टर म्हणाले, "हे काय आजचं नाही. बरीच वर्षं झाली असणार. ज्योतीपुढं बसून झालं की आणखी कशानं, ते सांगता येत नाही."

कॅप्टनसाहेबांनी त्याचे कागद काढले आणि आमच्या दोघांसमोर वाचले. "गोळीबाराचा सराव, १९९९, पूर्ण. २०००, पूर्ण. नेम समाधानकारक." खाली सही माझी होती; मास्तर म्हणून आमच्या तुकडीची लिखापढी माझ्याकडंच असायची.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर पिराजीनं विचारलं, "मास्तर, ह्ये तुमी लिवलं?"

"सगळ्यांचंच लिहिलं होतं, पिराजी. तसंच लिहायला सांगितलं होतं."

"व्हय की. सगळ्यांचंच." मग त्याचा आवाज चढला. "अवो, तवा पाच गोळ्या दिल्या असत्या तर तवाच कळलं नसतं? मी डोळा दावला असता, चष्मा केला असता! मी कडीवर डोळं लावून बसणारा माणूस, मला लांबचं काय म्हाईत?"

आजूबाजूची माणसं बघायला लागली. दुसऱ्या दिवशी तो ट्रंक घेऊन हुपरीला परत गेला, आणि आम्ही दहा महिने राजस्थानात एका दारूगोळ्याच्या डेपोवर पहारा दिला. तिथं गोळ्यांच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या होत्या.

परत आल्यावर मी त्याच्याकडं गेलो. त्यानं चष्मा घेतला होता, पण डोळा आणखी अधू झाला होता आणि बारीक सांधे आता जमत नव्हते. हंबीररावांनी त्याला तयार माल कोल्हापूरच्या दुकानांत पोचवायच्या कामावर ठेवलं होतं. पलटणीतनं त्याचं नाव कमी झालं होतं. मीनाबाईनं चहा केला, पण माझ्याशी ती फारशी बोलली नाही.

पिराजीनं मला पलटणीच्या ऑफिसला एक अर्ज लिहायला लावला. "मला परत घ्या म्हणून नगं. पोरांचं डोळं दर वर्साला तपासा आन् थोड्या तरी गोळ्या द्या, असं लिवा."

मी लिहिला. वर्षभर वाट बघून दुसरा लिहिला, मग तिसरा. एकाचंही उत्तर आलं नाही. २००५ साली मी पुन्हा गेलो आणि चौथा लिहू का म्हणून विचारलं.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. वाचणारा कोण असता तर पैलाच वाचला असता." त्यानं पिशवी खांद्याला लावली, मीनाबाईला येतो म्हणाला आणि कोल्हापूरची एसटी चुकेल म्हणून घाईनं बाहेर पडला. माझा चहा अजून अर्धा होता.